काढू नये

'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात आता सापडायचा नाही. सातबारा आणायला गेलेल्यानं ते ऐकलंय, रेशनच्या रांगेत अंगठा पुढे करून उभ्या राहिलेल्यानं ऐकलंय. पासबुक भरायला जाणाऱ्या पेन्शनर आजोबांना तर ते काउंटरवरच्या बाईंच्या चेहऱ्यावरूनच कळतं. पण हा सर्व्हर डाउन होतो म्हणजे कुठे पडतो, ती जागा फार थोड्यांनी पाहिलेली असते. ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळाच प्रश्न पडतो : हा एरवी चालतो कसा?

जिल्ह्याच्या गावच्या कार्यालयांत कॉम्प्युटर सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे अशा खोल्या मी बऱ्याच पाहिल्या. सर्व्हर रूम ही मुळात सर्व्हरसाठी बांधलेली नसते. ती आधी पँट्री असते, किंवा जिन्याखालची अडगळ. एका ठिकाणी भिंतीवरच्या टाइल्स आणि कमरेच्या उंचीवर बुजवलेले नळ पाहून तिचा पूर्वेतिहास न विचारताही कळायचा. दारावर 'विनापरवाना प्रवेश बंद' आणि दाराबाहेर चपला. आत एसी. अख्ख्या कार्यालयात साहेबांची केबिन सोडली तर एसी इथेच, त्यामुळे मे महिन्यात सर्व्हरविषयीची आस्था एकदम वाढते. एरवी पासवर्ड विसरला तरी जागेवरून हाक मारणारी मंडळी तेव्हा स्वतः चालत येतात, 'सहज आलो, सगळं ठीक चाललंय ना?' असं म्हणतात आणि उत्तर मिळाल्यावरही एसीच्या झोतातून हलत नाहीत.

खोलीच्या मधोमध रॅक. काळं कपाट, काचेचं दार, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली रॅकच्याच डोक्यावर, म्हणजे चोराची गैरसोय नको. त्याची यंत्रं अडकवायची रुंदी जगभर १९ इंच. हे माप कुणा कॉम्प्युटरवाल्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीनं १९२० च्या दशकात एक्स्चेंजमधल्या सामानासाठी ते रूढ केलं. पुढे टेलिफोनचं ते सामान भंगारात गेलं, माप राहिलं. उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच आणि पूर्ण उंचीचा रॅक ४२ यूचा, म्हणजे आतल्या आत सहा फूट दीड इंच. खरेदीची रीत अशी, की लागतो नऊ यूचा आणि मागवतात बेचाळीसचा, कारण 'पुढे वाढेल'. पुढे काही वाढत नाही. मग उरलेल्या तेहेतीस यूमध्ये ड्रायव्हरच्या सीड्या येतात, स्पेस बार निघालेला कीबोर्ड येतो, गेल्या वर्षीच्या डायऱ्या येतात, गणपतीच्या आराशीतली लाइटची माळ येते. रिकामी जागा सरकारी कार्यालयात रिकामी ठेवता येत नाही, तिच्यावर कुणीतरी हक्क सांगतोच.

यंत्र रॅकमध्ये बसवायचं तर आधी चौकोनी भोकात स्प्रिंगचा एक चिमुकला नट अडकवावा लागतो. त्याला केज नट म्हणतात. तो बसवायचं हत्यार मिळतं, पण ते कायम 'दुसऱ्या साइटवर' असतं. म्हणून स्क्रूड्रायव्हरनं दाबायचं. नट सटकतो तो अंगठ्याचं कातडं घेऊन, नाहीतर उडून रॅकच्या तळाशी जातो, जिथून आजवर एकही नट परत आलेला नाही. चार स्क्रूंच्या जागी मग दोनच लागतात, तेही तिरक्या कोपऱ्यांत. जाणकार माणूस स्क्रू मोजून सांगतो की या कामाला संध्याकाळचे किती वाजले होते.

रॅकच्या आयुष्यात देखणा दिवस एकच, उद्घाटनाचा. निळ्या केबली एका रेषेत खाली उतरलेल्या, प्रत्येकीचं वळण सारखं, डावीकडच्या डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे. कंत्राटदार फोटो काढतो आणि बिलाला जोडतो. रॅकचे जे सुंदर फोटो आपल्याला पाहायला मिळतात ते सगळे याच दिवशीचे, म्हणजे त्यात अजून एकाही माणसानं कामाला सुरुवात केलेली नसते. त्या दिवशी रंगांचं धोरणही ठरतं : निळी कॉम्प्युटरला, लाल कॅमेऱ्याला, पिवळी दोन नेटवर्क स्विच जोडायला. त्याचा तक्ता लॅमिनेट होऊन दाराच्या आतल्या बाजूला लागतो. केबलच्या एका पेटीत ३०५ मीटर माल असतो. धोरण साधारण तेवढ्याच लांबीचं असतं. निळी पेटी संपली की वायरमन विचारतो, 'साहेब, राखाडी आहे, चालेल?' आणि न चालून सांगता कुणाला!

मग फोन सुरू होतात. लेखा शाखेत एक टेबल वाऱ्यासाठी खिडकीशी सरकलंय, पॉइंट पोचत नाही. मोठ्या साहेबांची उद्या सकाळी मंत्रालयाशी व्हीसी आहे आणि त्यांना स्क्रीन समोरच्या भिंतीवर हवाय. आवक-जावकला नवा प्रिंटर आलाय. प्रत्येक फोनच्या शेवटी तेच वाक्य : 'आता तात्पुरती टाकून ठेव, रविवारी नीट करू.' हा रविवार कुठल्याही कालनिर्णयात सापडत नाही. सापडला तरी त्या दिवशी वीज नसते, किंवा निवडणुकीचं काम असतं, किंवा इमारतीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो गावाला गेलेला असतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं हा सगळा गबाळेपणा. तसं नाही. नवी केबल टाका म्हणून मागे लागणारा कुणीतरी असतो. जुनी काढा म्हणून आजवर कुणीही अर्ज केलेला नाही. निवृत्त होणाऱ्या माणसाकडून ओळखपत्र, किल्ल्या, शिक्का, अगदी स्टेपलरसुद्धा जमा करून घेतात. त्याची केबल मात्र सेवेत राहते. टाकलेली केबल चालली तर टाकणाऱ्याचं नाव होतं. काढलेली केबल चुकीची निघाली तर काढणाऱ्याचं नाव अख्ख्या तालुक्याला कळतं. एवढं समोर दिसत असताना शहाणा माणूस काय करेल? तो टाकेल, आणि दार ढकलून बंद करेल.

त्यात दरकराराची भर. स्विच आणि पॅच पॅनेल यांच्यात अंतर वीतभर. अर्ध्या मीटरची पॅच कॉर्ड पुरून उरते. स्टोअरमध्ये असते तीन मीटरची, नाहीतर पाच, कारण दरकरारात तीच मंजूर. मग जास्तीची अडीच मीटर कोंबायची कुठे? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी यावर शास्त्रशुद्ध संशोधन केलेलं आहे. दोरी डब्यात टाकायची, डबा गरागरा फिरवायचा आणि उघडून बघायचं, असं त्यांनी ३,४१५ वेळा केलं. २००७ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, पुढच्या वर्षी त्याला इग नोबेल मिळालं. दोरी पुरेशी लांब असेल तर गाठ काही सेकंदांत आपोआप पडते आणि ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला ती जवळजवळ पडतच नाही, असं त्यांना आढळलं. वरचे चार सेंटिमीटर सोडून दिले तर अर्ध्या मीटरची कॉर्ड मागणाऱ्या आमच्या कनिष्ठ अभियंत्याच्या पाठीशी आता आंतरराष्ट्रीय विज्ञान उभं आहे. लेखापरीक्षक दरकराराच्या पाठीशी उभे आहेत, त्यामुळे निकाल काय लागला ते वेगळं सांगायला नको.

लेबलं हा तर स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. छापील लेबलं पहिल्या वर्षी. त्यानंतर प्रथमोपचार पेटीतली पांढरी चिकटपट्टी आणि मार्कर. 'सर्व्हर नवा'. 'सर्व्हर नवा २'. 'जुना सर्व्हर (चालू)'. 'मॅडम', आणि तिच्याखाली 'मॅडम नवीन'. एसीच्या कोरड्या गारव्यात चिकटपट्टीचा डिंक सुकतो, लेबल गळून खाली पडतं आणि झाडू मारायला आलेला भला माणूस ते उचलून जवळात जवळच्या केबलला नीट दाबून चिकटवतो. पुढच्या माणसाला मग मॅडमची केबल कॅमेऱ्याला गेलेली दिसते आणि नस्ती शंका येते.

एका रॅकमध्ये लाल अक्षरांत 'काढू नये' अशी चिठ्ठी होती. सही नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. सही नसलेल्या कागदाला आमच्याकडे कुणी हिंग लावून विचारत नाही; या दोन शब्दांपुढे मात्र सगळे नमले. अधिकारी बदलले, देखभालीचं कंत्राट घेणारे एएमसीवाले बदलले, पुढे स्विचही बदलला. तेव्हा ती केबल जुन्यातून उपसून नव्यात घातली गेली, म्हणजे मध्ये मिनिटभर का होईना ती काढलीच होती. त्यावर कुणी काही बोललं नाही. चिठ्ठीही पुन्हा लावली गेली.

नवा एएमसीवाला पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा एक विधी असतो. दार उघडायचं. एक पाऊल मागे सरायचं. जिभेनं 'च्‌ च्‌' करायचं आणि दुःखानं विचारायचं, 'हे कुणी केलंय?' प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार यांच्याकडून चालत आलेली ही परंपरा कॉम्प्युटरवाल्यांनी जशीच्या तशी उचलली. ज्यानं केलंय त्यानंही आधीच्याचं काम पाहून हेच विचारलेलं असतं. वर्षभरानं कंत्राट संपतं, दुसरा येतो, एक पाऊल मागे सरतो.

दसऱ्याला रॅक नटतो. खंडेनवमीला शस्त्रपूजेत कात्री, पंच, फ्रँकिंग मशीन यांच्या बरोबरीनं सर्व्हरलाही हळदीकुंकू लागतं, काचेच्या दाराला झेंडूची माळ, आत स्विचवर अक्षता. भक्ती खरी असते. फक्त झेंडूच्या पाकळ्या हलक्या असतात आणि सर्व्हरचे पंखे पुढून हवा ओढतात. एकादशीच्या आसपास आतून 'घर्रर' असा आवाज येऊ लागतो आणि पुजारी व मेकॅनिक ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असल्यानं त्यालाच पुन्हा बोलावतात.

आता टायबद्दल बोललं पाहिजे, कारण या क्षेत्रात माणसांचे दोन पंथ आहेत. एक प्लॅस्टिकच्या केबल टायचा, दुसरा वेल्क्रोचा. टाय ही १९५८ ची वस्तू. अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगन यांनी ती विमानातल्या वायरींच्या जुड्या बांधायला काढली. विमानातल्या वायरी रोज बदलत नाहीत, तिथे ती शोभते. वेल्क्रोची कथा कुत्र्याची आहे. जॉर्ज द मेस्ट्राल हे स्विस इंजिनीअर १९४१ मध्ये डोंगरात फिरून आले, तर कपड्यांना आणि कुत्र्याच्या अंगाला काटेरी फळं चिकटलेली. आपल्याकडे गोखरू टोचला की आपण गोखरूच्या आईबापांचा उद्धार करतो. त्यांनी ती फळं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मी वेल्क्रो पंथाचा. आमचे वायरमन कट्टर टायवाले. टाय ओढायची ती पकडीनं, केबलचा श्वास कोंडेपर्यंत, आणि शेपूट कापायचं ते असं, की राहिलेल्या टोकाला ब्लेडची धार यावी. माझ्या मनगटावरच्या ओरखड्यांवरून घरी बरेच दिवस मांजराचा संशय घेतला जायचा.

कच्च आवळण्यात खरा घात वेगळाच होतो. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांत पीळ घातलेल्या. पीळ घातला की बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं, तीच युक्ती आजही चालू आहे. चारी जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, म्हणजे शेजारच्या जोडीचं बोलणं आपल्यात ऐकू येऊ नये. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, पण केबलचा पीळ पकडीपुढे टिकत नाही. केबल तिच्या जाडीच्या चौपटीहून तीव्र वळवू नये असाही नियम आहे. आमच्याकडे ती रॅकच्या दारात चेंगरून काटकोनात वळते आणि मग 'नेट स्लो आहे' अशी तक्रार वर जाते. वरून उत्तर येतं, जास्त वेगाचं कनेक्शन घ्या.

लोंबती मोकळी केबल मात्र सगळ्यांत घातक, कारण ती पाहून सज्जनांना राहवत नाही. कुणीतरी येतो, एक टोक लोंबतंय आणि स्विचमध्ये एक भोक रिकामं आहे असं पाहतो, आणि त्या दोघांचं लग्न लावून देतो. केबलचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. सोसायटीच्या दोन व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये दोन काका असे असावेत, की इकडचं 'शुभ सकाळ' तिकडे आणि तिकडचं इकडे पाठवायचंच अशी दोघांनी शपथ घेतलेली, तसं मग स्विचमध्ये होतं. सर्वांना उद्देशून निघालेला एक निरोप फिरून परत येतो, पुन्हा सर्वांना जातो, पुन्हा येतो. इथरनेटच्या निरोपाला मरणाची तारीख दिलेली नसते, त्यामुळे तो थांबत नाही. सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात आणि बाहेर काउंटरवर ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारलं जातं. रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना, यावर तोडगा काढला : स्विचनी आपापसांत बोलून जास्तीची वाट स्वतःच बंद करायची. काम झाल्यावर त्यांनी त्यावर कविताही केली. पण ही सोय असलेला स्विच महाग आणि निविदेत सर्वांत कमी दर पाहतात. म्हणून आमचा स्विच ना वाट बंद करायचा, ना कविता करायचा.

हे सगळं फक्त आपल्याकडेच होतं, असं मात्र समजू नये. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत विश्वाच्या उत्पत्तीचा माग काढतात. तिथल्या इंजिनीअरांना २०१५ च्या सुमारास जवळपास ९,००० निरुपयोगी केबली आधी ओळखण्याचं आणि मग उपसण्याचं काम हाती घ्यावं लागलं, कारण नव्या केबली टाकायला जागाच उरली नव्हती. वर्षानुवर्षं तिथंही टाकणारे होते, काढणारे नव्हते. आणि गूगलचा १९९९ चा रॅक कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये ठेवलाय. सर्किट बोर्डांखाली चक्क बुचाचे तक्ते आणि बाहेर लोंबणाऱ्या वायरी. आमच्या सर्व्हर रूमवर तपासणी अहवालात 'अत्यंत गंभीर' असा शेरा पडला होता, तेव्हा उत्तरात हा दाखला द्यावा असं मी सुचवलं. साहेबांनी तो परिच्छेद खोडला.

त्या शेऱ्यामुळेच अखेर तो रविवार उगवला. मी रॅकच्या पुढे, वायरमनमामा मागे, मधे केबली.

'मामा, एक हलवतोय. कुठली हलतेय?'

'सगळ्याच हलतायत, साहेब.'

'आता?'

'आता पण. थांबा, एक जास्त हलतेय. राखाडी.'

'मी निळी धरलीय.'

'मग मधे कुठंतरी जोड दिलाय. आमच्याच कुणीतरी दिला असणार.'

असं दुपारपर्यंत. मध्ये 'काढू नये'चा क्रमांक लागला. मामांनी तिला आधी नमस्कार केला आणि मग छतापर्यंत, छतावरून बाहेर, भिंतीतल्या भोकातून गच्चीवर असा माग काढला. गच्चीवर एका खांबाभोवती ती दोन वेढे घेऊन संपत होती. पूर्वी तिथे कुणाचा तरी अँटेना असावा.

दुपारनंतर मामांनी टोकं नव्यानं क्रिम्प करायला घेतली. चष्मा कपाळावर, वेष्टण नखानं खरवडून मोकळं, आठ तारा अंगठ्याखाली सरळ चपट्या केलेल्या आणि तोंडानं पुटपुटणं : पांढरा-भगवा, भगवा, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. निळी जोडी हिरव्या जोडीच्या मधे का घुसते हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि ते कधी चुकतही नव्हते. टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमानं लागले की ते मान हलवत, जणू दिव्यांनीच परीक्षा दिली. टाय लावू नका, वेल्क्रो आणलाय, असं मी सांगितलं. त्यांनी वेल्क्रो लावला आणि माझी पाठ वळताच वरून एक टाय मारली.

संध्याकाळी रॅक ओळखू येईना. दिवे मोजके, वारा मागच्या बाजूनं सरळ बाहेर. खाली फरशीवर उपसलेल्या केबलींचा गुडघाभर ढीग.

'ह्याचं काय करायचं?' मामांनी विचारलं. तांब्याचा भाव त्यांच्या डोळ्यांत दिसत होता.

भंगारात द्यायचं म्हणजे ढीग डेड स्टॉक रजिस्टरशी ताडून बघायचा. रजिस्टरमध्ये लांबी मीटरमध्ये लिहिलेली. मग निर्लेखनाचा प्रस्ताव, मग समिती, समितीत लेखा शाखेचा एक सदस्य, आणि तोवर माल सुरक्षित ठिकाणी कुलपात ठेवायचा, असा नियम. कार्यालयात कुलपाचं एकच सुरक्षित ठिकाण होतं, त्यात आता तेहेतीस यू जागाही रिकामी होती.

मामांनी ढीग गोणत्यात भरला, पायानं दाबून रॅकच्या तळाशी सरकवला आणि दार लावलं. किल्ली वर ठेवली.

सोमवारी साडेदहाला आस्थापना शाखेचा फोन आला. नवा कॉम्प्युटर आलाय, स्टोअरमध्ये कॉर्ड शिल्लक नाही, तर तुमच्याकडच्या त्या गोणत्यातली एखादी चालेल का, तात्पुरती.